वारक्क एक

आम्हां सीमाभागातल्या माणसांच्या बोलण्याला कुंपण नसते. नकाशावरची रेघ कुठून जावी यावर आमच्या दोन पिढ्या भांडल्या, मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली. पण आठवड्याच्या बाजारात मिरच्यांचा भाव करताना वाक्य मराठीत कुठे सुरू झाले आणि कन्नडात कुठे संपले, हे बोलणाऱ्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. 'हौद री' म्हणून मान डोलवायची आणि त्याच श्वासात 'जरा कमी करा की' म्हणून घासाघीस करायची, हा आमचा रोजचा व्यवहार. वर्गात मी शुद्धलेखनाचा कडवा माणूस आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल शाईने गोल करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. वर्गाबाहेर मात्र माझीही भाषा अशीच सरमिसळ, आणि तिचा मला कधी संकोच वाटला नाही. खरे सांगायचे तर थोडा अभिमानच वाटत असे.

पण २०२१ साली या सरमिसळीतल्या एका दोन अक्षरी शब्दाने माझ्या आईला मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणले. शब्दाचा काही अपराध नव्हता. तो बेफिकिरीने उच्चारणाऱ्याचा होता, आणि उच्चारणारा मी. ही हकिकत आजवर मी अर्धीमुर्धीच सांगत आलो. आज सबंध सांगतो.

सुरुवात वर्षभर आधीपासून करावी लागेल. ३१ मार्च २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने रोगप्रतिकारशक्तीसाठी काही उपाय जाहीर केले. सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-मिरे-सुंठ-मनुकांचा काढा, हळद घातलेले दूध. आम्हांला त्यात नवे काही वाटले नाही. धने-जिऱ्याचा कषाय आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या उकळत आलाच आहे. पण काढ्यामागून गोळ्या आल्या. क जीवनसत्त्वाच्या नारिंगी रंगाच्या चघळायच्या गोळ्या, झिंकच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि 'सगळे एकात' अशा कॅप्सुला. नारिंगी गोळ्यांचा तर काही दिवस दुकानांतून तुटवडा पडला. ओळखीच्या दुकानदाराने दोन पाकिटे बाजूला काढून ठेवली, तर साखरेच्या रेशनचे दिवस आठवावेत इतका आनंद होत असे.

शाळा बंद होत्या. त्या पावसाळ्यात आमच्या राज्यात 'विद्यागम' योजना सुरू झाली. शिक्षकांनी गावोगाव जाऊन देवळाच्या मंडपात, पारावर, मुलांचे लहान गट करून शिकवायचे. मी धडा संपवला की मुलांना आणि सोबत आलेल्या पालकांना आरोग्यावर चार शब्द सांगत असे. त्यात माझा आवडता दाखला लायनस पाउलिंग यांचा. या अमेरिकन शास्त्रज्ञाला दोन नोबेल पारितोषिके मिळाली, १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे, आणि दोन्ही कुणाबरोबर वाटून न घेता. त्यांनी १९७० साली क जीवनसत्त्व आणि सर्दी या विषयावर एक पुस्तक लिहिले. माणसाने हे जीवनसत्त्व रोज ग्रॅमच्या मापाने घ्यावे, मग सर्दी फिरकत नाही, असा त्यांचा सांगावा. कोल्हापुरात एम. ए. करत असताना मी त्यांच्याविषयी कुठल्याशा मासिकात वाचले होते. दोन नोबेल मिळवणारा माणूस सांगतो ते चुकीचे कसे असेल, असे मी पारावर बसून लोकांना विचारत असे. विद्येचा मान राखणारे आमचे लोक. ते मान डोलवत. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती.

आता घरची माणसे सांगतो. मी नोकरीमुळे तालुक्याच्या गावी राहतो. आई, दादा आणि वहिनी तिथून चौदा किलोमीटरवर, आमच्या मूळ गावी. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मुंबईच्या गोदीत तो टॅली क्लार्क होता. जहाजातून उतरलेल्या पेट्या, पोती, पिंपे मोजायची आणि वहीत खुणा करायच्या, हे त्याचे काम. छत्तीस वर्षे मोजदाद करून तो २०१९ साली गावी परतला. मोजण्याची सवय मात्र गेली नाही. दूधवाल्याच्या खाडाची, गॅसच्या टाकीची, कोंबडीच्या अंड्यांची, सगळ्यांची नोंद त्याच्या वहीत. अठराव्या वर्षी गाव सोडलेला दादा कन्नड जवळजवळ विसरला होता. उलट सावंतवाडीकडच्या मंडळींबरोबर एका खोलीत उमेदीची वर्षे काढल्यामुळे त्याच्या बोलण्यात मालवणी हेल आला होता.

एप्रिल २०२१ च्या शेवटी टाळेबंदी पुन्हा लागली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईला ताप आला. वय एकोणऐंशी. तपासणीत कोरोना निघाला. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू पंच्याण्णव दाखवत होता. बेळगावच्या दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर बारकाईने विचारपूस केली आणि सांगितले, घरीच ठेवा, दर चार तासांनी आकडा बघा, त्र्याण्णवच्या खाली गेला तर मात्र वाट बघू नका. औषधांची चिठ्ठी त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली.

औषधाच्या दुकानापुढे दोरी बांधलेली. काउंटरवरची मुलगी मास्कमधून एकेक औषध समजावून देत होती. तापाची गोळी, क जीवनसत्त्व, झिंक, कॅल्शियम. शेवटी तिने आठ चपट्या पुड्या ठेवल्या आणि म्हणाली, "इदु वारक्क ओंद री, सर. हालन्याग हाकि कोड्री." म्हणजे ही आठवड्याला एक, दुधातून द्या. ड जीवनसत्त्वाच्या त्या पुड्या, प्रत्येकीत साठ हजार एकके. मला सगळे समजले होते. मी मोटारसायकलीने गावी गेलो. आत जायचे नव्हते. अंगणाच्या गडग्यावरून पिशवी दादाच्या हातात दिली आणि एकेक औषध सांगितले. पुड्यांपाशी आल्यावर त्या मुलीचेच शब्द जिभेवर होते, ते तसेच अर्धे वळवून म्हणालो,

"आणि ही पुडी वारक्क एक. दुधातून."

कन्नडात 'वार' म्हणजे आठवडा. मराठीत 'वार' म्हणजे सोम, मंगळ, बुध, एकेक दिवस. सावंतवाडीकडच्या माणसाच्या कानाला तर 'वारक्क' हे 'वाराक' असेच ऐकू येणार. दादाने खिशातल्या वहीत लिहिले : 'पुडी – वाराला १'. बरोबर लिहिले. मी जे म्हणालो तेच त्याने लिहिले.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते त्या दिवसांतून गेलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आमच्या दैवाने आकडा त्र्याण्णवच्या खाली गेला नाही. अकराव्या दिवशी आईने स्वतः उठून तुळशीला पाणी घातले. त्याच सुमारास दादाचा फोन आला.

"बाळू, त्या पुड्या संपल्या. आणखी आणू काय?"

मी कुठल्याशा माहितीचे तक्ते भरत होतो. म्हणालो, "आण की. शक्तीचंच औषध ते. त्यानं अपाय काय व्हायचाय?"

इथे वाचकांनी जरा थांबावे. आठ आठवड्यांच्या पुड्या काही दिवसांतच संपल्या होत्या. चौथीतल्या मुलालाही हे गणित सुटले असते. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याच फोनमध्ये होती, तीत इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' असे स्पष्ट लिहिले होते. मी ती उघडून पाहिली नाही आणि दादालाही पाठवली नाही. दादाने शेजारच्या गावातल्या दुकानातून पुड्या आणल्या. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. पुडीवर छापलेले असते, 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार'. दादाच्या लेखी तो सल्ला मीच आणून दिला होता.

जून उजाडला. आई बरी होण्याऐवजी बसत चालली. जेवण जाईना. 'तोंडाला चवच न्हाई बघ' म्हणे. उलट्या होत, पोट साफ होत नसे. पाणी मात्र सारखे मागे आणि रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठे. आम्ही म्हणालो, कोरोनानंतरचा अशक्तपणा. तेव्हा ज्याला-त्याला तसेच होत होते. अशक्तपणा म्हणून शक्तीचे औषध चालू ठेवले. वहिनी बिचारी कॅल्शियमची गोळी चुकू देत नव्हती, आणि दुधाचे दोन पेले आग्रहाने पाजत होती. आई जितकी खचत होती तितकी आमची सेवा वाढत होती.

माझ्यापुढे दहावीची परीक्षा होती. त्या वर्षी ती १९ आणि २२ जुलै अशी दोनच दिवस, बहुपर्यायी प्रश्नांची घ्यायची ठरत होती. बाकांमधले अंतर, सॅनिटायझर, उत्तरपत्रिकांची नवी पद्धत, यातच माझे दिवस जात होते. २६ जूनला रात्री दादाचा फोन आला. आवाज कापत होता. "आई मला अण्णा म्हणून हाक मारायली आहे." अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात एका दवाखान्यात आईला दाखल केले. तरुण डॉक्टरांनी रक्त तपासायला दिले आणि विचारले, घरी कोणती औषधे चालू आहेत? दादाने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. दिवाळीत चकल्या ठेवायचा डबा. दादाने त्यात वापरलेली प्रत्येक रिकामी पुडी ठेवली होती. हिशेबाला. डॉक्टरांनी डबा टेबलावर उपडा केला. एक-दोन-तीन करीत दादानेच मोजल्या. बावन्न. ६ मे ते २६ जून, बावन्न दिवस. एकही खाडा नाही.

डॉक्टर काही क्षण बोलले नाहीत. मग कागदावर गुणाकार करून दाखवला : एकतीस लाख वीस हजार एकके. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसाला सुमारे आठशे एकके पुरतात. उणीव असेल तर ती भरून काढायला साठ हजारांची पुडी आठवड्याला एक, ती आठ आठवडे, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. संध्याकाळी रक्ताचा निकाल आला. कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असायला हवे, ते १४.१ होते. मूत्रपिंडावरही परिणाम झालेला दिसत होता.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. जादा झाले की बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते. ते अंगात साठते, आणि साठलेले ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याचे मुख्य काम अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढणे. ते अतोनात झाले की कॅल्शियमही अतोनात ओढले जाते. मग आतडी मंदावतात, भूक मरते, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, शरीर सुकते आणि मेंदूवर झापड येते. आईला होत होते ते सगळे हेच. आम्ही ज्याला अशक्तपणा म्हणत होतो तो आमच्या हातून घडलेला विषप्रयोग होता.

"पुड्या रोज कुणी दिल्या?" डॉक्टरांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण प्रश्न तर होताच.

"मी दिल्या," दादा म्हणाला. "माझ्या हातानं."

मी शेजारी उभा होतो. मुख्याध्यापक, एम. ए. मी काही बोललो नाही.

आईला नऊ दिवस सलाइनवर ठेवले. काही औषधे दिली. पुड्या आणि कॅल्शियम तर बंदच. पण दूध, दही आणि आमच्या घरची नाचणीची आंबीलही बंद झाली, कारण नाचणीत कॅल्शियम भरपूर. मी परीक्षेच्या कामाला परत आलो आणि रात्री झोप येईना म्हणून वाचू लागलो. वर्षभर लोकांना सांगत सुटलो होतो, त्याचे खरे काय, हे पाहायचे होते. ज्या वेळी वाचायला हवे होते त्या वेळी वाचले नाही. त्या रात्री आणि पुढच्या वर्षांत जे हाती लागले ते थोडक्यात मांडतो. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

पाउलिंग यांच्या पुस्तकानंतर जगभर क जीवनसत्त्वाच्या चाचण्या झाल्या. त्या सगळ्यांचा एकत्र आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाला सर्दी व्हायची टळत नाही. रोज घेणाऱ्याची सर्दी थोडी लवकर आटोपते, मोठ्यांत सुमारे ८ टक्के, मुलांत १४ टक्के. म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत मोठ्या माणसाचे जेमतेम अर्धा दिवस वाचतात. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतली तर भरवशाचा फायदा दिसत नाही. लांब पल्ल्याचे धावपटू, बर्फात सराव करणारे सैनिक अशांना मात्र उपयोग झाला; त्यांच्यातल्या सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. आमच्या पारावर बसलेल्यांत असा कुणी नव्हता. आपल्या पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत ते दोनशेच्या आसपास असते. आमच्या परसात पेरूची दोन झाडे आहेत, आणि मी नारिंगी गोळ्यांसाठी दुकानदाराच्या मिनत्या करत होतो.

कोरोनाचेही तसेच. अमेरिकेत घरी उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांचे चार गट केले. एकाला झिंक, एकाला क जीवनसत्त्व, एकाला दोन्ही, एकाला यांतले काहीच नाही. काही न घेणाऱ्यांचा त्रास निम्म्यावर यायला ६.७ दिवस लागले, इतरांना साडेपाच ते सहा. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच होता, आणि पुढे चालवून हाती काही लागणार नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. ब्राझीलमध्ये दवाखान्यातल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना ड जीवनसत्त्वाची दोन लाख एककांची एक मात्रा दिली, निम्म्यांना नाही. दोन्ही गट सरासरी सातच दिवस दवाखान्यात राहिले. हे दोन्ही निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आईला ताप आला त्याच्या तीन महिने आधी. पुढे मे महिन्याच्या अखेरीस आपल्या केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सौम्य रुग्णांसाठीच्या सुधारित सूचनांतून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन वगळले. तेव्हा आईच्या पुड्या सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे लिहिले, आणि जे लिहिले ते तसेच दिले असते तर काही बिघडले नसते.

मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या थोतांड आहेत काय? तेही खरे नाही. गोवर हा विषाणूचाच आजार, श्वासावाटे पसरणारा. त्यात अ जीवनसत्त्व जीव वाचवते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला गोवराने दवाखान्यात आलेल्या १८९ मुलांवर झालेली चाचणी १९९० साली प्रसिद्ध झाली. त्यातली बारा मुले दगावली. बारांपैकी दहा अ जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातली होती. म्हणून गोवर झालेल्या वर्षावरच्या मुलाला दोन लाख एककांची मात्रा ओळीने दोन दिवस द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोनच दिवस. गोवर अंगातले अ जीवनसत्त्व झपाट्याने संपवतो, आणि गरीब घरच्या मुलात ते मुळातच कमी असते. झिंकचेही तसे. लहान मुलांच्या जुलाबात दहा ते चौदा दिवस झिंक द्यायचे असते आणि त्याचा गुण येतो. जिथे उणे आहे तिथे भर घातली की ती औषध होते. आम्ही आईत काय उणे आहे हे कुणालाच विचारले नव्हते.

खरोखर काय उणे होते ते दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराने सांगितले. आईचे वजन बेचाळीस किलोवर आले होते. आजारात आणि अंथरुणात म्हाताऱ्या माणसाचे मांस झडते. ते भरून यायला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. आईला दिवसाला साधारण पन्नास ते साठ. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात तितकीच. आणि आई त्या दोन महिन्यांत दोन घास भात आणि मूठभर गोळ्यांवर होती. गोळ्यांत पोटाला आधार देणारे काही नसते.

घरी आणल्यावर वहिनीने सूत्रे हातात घेतली. दर दोन तासांनी थोडे थोडे. तांदळाची मऊ पेज, वर तुपाची धार आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. मुगाची खिचडी. हुलग्याचे माडगे. दुपारी अंडे, दोन दिवसांआड कोंबडीचा रस्सा, पेरूची फोड मिठाबरोबर. दादा वहीत लिहीत होता : पेज – १ वाटी, अंडे – १, पाणी – ९ पेले. दर आठवड्याला रक्त तपासायचे. दसऱ्यापर्यंत कॅल्शियम जागेवर आले. मूत्रपिंड मात्र पूर्वीइतके धड राहिले नाही. अजून दर सहा महिन्यांनी तपासावे लागते. पथ्याच्या काळात एकदा आई म्हणाली, "मला भूक नव्हती तर माझ्याजवळ बसून चार घास भरवायचं होतं की रे. तुम्ही दुरून गोळ्या धाडलासा." तिने सहज म्हटले होते. मला ते लागले, कारण गडग्यावरून पिशवी देऊन परत फिरणारा मीच होतो.

आई आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. संध्याकाळी ओटीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कन्नडात नाहीतर मराठीत थांबवते. आमच्या शाळेत मी एक नवा तास सुरू केला आहे. दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ वेगळा असलेले शब्द मुलांनी घरून गोळा करून आणायचे. 'पुडी' म्हणजे आपल्याकडे बांधलेली पुडी, कन्नडात नुसती पूड. 'वार' मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. आणि मुलांना सांगतो, घरी कुणाला औषध आणले तर ते कधी आणि किती घ्यायचे हे पाकिटावर आपल्या अक्षरात लिहा, तारीख घाला, आणि संपायच्या आधीच संपले तर आणायला जाण्यापूर्वी विचारा. का सांगतो हे मात्र त्यांना कधी सांगितले नाही.

गावात ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती अशी ठाऊक आहे : मुंबईहून आलेल्या थोरल्याला कन्नड कळले नाही, म्हणून घोटाळा झाला. दादानेच ती तशी सांगितली. 'माझ्या हातानं' हे त्याचे शब्द मी नंतरही दोनदा ऐकले, एकदा वहिनीजवळ आणि एकदा देवापुढे. त्या फोनविषयी तो आजवर कुणाजवळ बोललेला नाही, माझ्याजवळही नाही. त्याच्या वहीत त्या दिवशीची नोंद असणारच. फोनचे पैसेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस तो.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. साधा फ्लू. दादा सकाळच्या एस. टी.ने आला, हातात स्टीलचा डबा, डब्यात पेज. आमच्या सौभाग्यवतींकडून ताट घेऊन त्याने ती स्वतः वाढली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिला. मग उशाशी पडलेली गोळ्यांची पट्टी उचलली, चष्मा लावून उलटसुलट पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारले,

"हे दिनक्क ओंद, का वारक्क ओंद?"

मी म्हणालो, "ताप असला तरच. सहा तासांच्या आत दुसरी नाही."

त्याने ते खिशातल्या वहीत लिहून घेतले.

त्या वेळी तरी बोलायला हवे होते. मी पेज गिळली आणि गप्प राहिलो. समोरासमोर जे जमले नाही ते इथे लिहितो. दादा, वारक्क एक हे मी म्हणालो होतो. पुड्या संपल्या, आणू काय, असे तू विचारलेस तेव्हा 'आण की' असेही मीच म्हणालो होतो. तुझ्या हातानं काही झालं नाही.

हा अंक घरी आला की दादा तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. एकही पान गाळत नाही.